'प्रिन्सेस मोनोनोके'तल्या बंदुका: खऱ्या किती आणि मियाझाकीच्या किती?

तोडेदार (धागाकर्ता)

जपानी ॲनिमेशन आणि बंदुका असा विषय निघाला की गाडी थेट 'जिन-रोह'मधल्या एमजी ४२ वर नाहीतर ल्युपाँच्या वॉल्थर पी ३८ वर जाते. त्या ओळखायला सोप्या. कॅटलॉग उघडायचा, चित्र जुळवायचं, झालं. मला बोलायचंय ते हायाओ मियाझाकीच्या १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'बद्दल. त्यात लोखंड गाळणारं गाव चालवणाऱ्या एबोशीबाईंची माणसं आखूड, जाड नळीची जी हत्यारं वापरतात (चित्रपटात त्यांना 'इशिबिया' म्हणतात), ती बघून बरेच जण 'असेल काहीतरी काल्पनिक' म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही.

चित्रपटाचा काळ मुरोमाची, म्हणजे ढोबळमानाने १३३६ ते १५७३. पोर्तुगीज बंदूक जपानात पोचली १५४३ मध्ये, तानेगाशिमा बेटावर. आता एक संवाद आठवा. नवी बंदूक हातात घेऊन एबोशी म्हणते की मिंग देशातल्या बंदुका जड आणि वापरायला अवघड होत्या. म्हणजे तिच्या डोळ्यासमोर नमुना आहे तो चिनी, पोर्तुगीज नव्हे. आणि चीनमध्ये हातात धरायच्या तोफा तेव्हा जुन्या झाल्या होत्या. १९७० मध्ये हैलाँगजियांग प्रांतात सापडलेली काशाची हाततोफ १२८८ च्या आसपासची मानतात. लांबी ३४ सेंटीमीटर, वजन साडेतीन किलो. तिचं चित्र आणि चित्रपटातली बंदूक शेजारी ठेवून बघा. मागच्या बाजूला तोच फुगवटा.

तो फुगवटा शोभेसाठी नाही. दारू तिथेच पेटते आणि फुटायची झाली तर नळी तिथेच फुटणार. अशी हाततोफ भरायची कशी? तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, गोळी सोडायची, वर चिंधी किंवा गवताची बोंडी कोंबायची. मागे एक बारीक भोक असतं, तोफेचा कान म्हणतो ते. त्यावर चिमूटभर रंजक (पेटवायची बारीक दारू) ठेवायची आणि जळता तोडा (धुमसणारी दोरीची वात) टेकवायचा. चाप नाही, घोडा नाही, खांद्याला लावायचा दस्ता नाही. एक हात तोड्यात गुंतलेला, डोळा नेमावर ठेवावा की कानावर हा प्रश्न, आणि बार उडाला की समोर नुसता पांढरा धूर.

तर माझं म्हणणं असं की या चित्रपटात बंदूक बनवणं, भरणं, तिचं वजन हे सगळं अस्सल आहे आणि नेम तेवढा मियाझाकीचा आहे. जाणकारांनी भर घालावी.

चित्रपतंग

मस्त धागा! पण नेम नाही कसं म्हणता? एबोशी शेवटी शिशिगामीचं, म्हणजे जंगलाच्या देवाचं, मुंडकं उडवते. तिच्या बंदुकीच्या दस्त्यावर पालवी फुटते तरी हात हलत नाही. माझ्या मते पूर्ण चित्रपटातला सगळ्यात भारी क्षण.

तोडेदार

क्षण भारीच आहे, वाद नाही. पण त्या पिढीच्या बंदुकीने पन्नास पावलांवरचा एकटा माणूस टिपणं म्हणजे नशिबाचा भाग. गुळगुळीत नळी, गोळी नळीपेक्षा किंचित लहान, ती आत आपटत आपटत बाहेर येणार आणि शेवटच्या आपटीप्रमाणे दिशा घेणार. म्हणूनच अशी हत्यारं घोळक्याने घोळक्यावर चालवायची. डोंगरवाटेवर लांडगे तुटून पडतात तेव्हा सगळे ओळीत उभे राहून एकदम बार काढतात ना, ते बरोबर आहे.

निळूभाऊ

अहो, कार्टून आहे ते. तीनशे वर्षांचा बोलणारा लांडगा चालतो आणि बंदुकीचा नेम चालत नाही?

चित्रपतंग

निळूभाऊ, लांडगा बोलतो म्हणूनच बाकीचं खरं लागतं. बंदूकही मंत्राची असती तर एबोशीला त्या लांडगीची, मोरोची, भीती वाटायचं कारणच उरलं नसतं.

ओसाकाकर

इथे नोकरीनिमित्त राहतो, इतिहासाची आवड आहे, म्हणून थोडी भर.

'जपानला दारूगोळा पोर्तुगीजांनी दाखवला' हे अर्धसत्य आहे. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांत 'तेत्सुहाऊ' नावाचे फुटणारे गोळे वापरले गेले होते. त्या स्वाऱ्यांच्या चित्रपटात (म्हणजे गुंडाळी केलेल्या चित्रात, सिनेमात नव्हे!) एका घोडेस्वार सामुराईसमोर असा गोळा फुटताना काढला आहे. ते चित्र खरं की नंतर कुणी घुसडलं यावर बरीच वर्षं वाद होता. मग ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळातून तसे मातीचे गोळेच वर आले आणि वाद मिटला. पुढे १४६६ मध्ये र्‍युक्यू बेटांचा वकील क्योतोला आला असताना त्याच्या माणसांनी बार काढले आणि शहरातले लोक दचकले, अशी नोंद एका मठाच्या रोजनिशीत आहे.

म्हणजे १५४३ च्या आधी कुणा धाडसी बाईने चिनी पद्धतीच्या हाततोफा मिळवल्या, असं कथानक रचायला जागा आहे. फक्त तशा बंदुकांचा जपानात मोठा कारखाना असल्याचा पुरावा नाही. ती मियाझाकीची कल्पना, पण इतिहासातल्या मोकळ्या जागेत नेमकी बसवलेली.

चित्रपटात कुष्ठरोगी बंदुका घडवतात त्याबद्दल: मियाझाकीच्या घरापासून जवळच तोक्योच्या हद्दीत तामा झेन्शोएन हे कुष्ठरोग्यांचं जुनं आरोग्यधाम आहे. तिथे तो जाऊन आला होता आणि या पात्रांमागे ती भेट आहे हे त्याने नंतर जाहीरपणे सांगितलं आहे.

सुपारीबाग

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे ठासणीची बंदूक ही संग्रहालयातली वस्तू नाही. शेतसंरक्षणाचा परवाना असलेल्या अजून घराघरांत आहेत, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर आणायच्या. त्यामुळे चित्रपटातली सुरुवात मी वेगळ्याच डोळ्यांनी बघितली.

नागो हा रानडुकरांचा देव. गोळी लागते, तो तिथे पडत नाही, दूरदेशी पळत सुटतो, आणि वेदनेने त्याचा तातारीगामी, म्हणजे शाप देणारा कोपलेला देव, होतो. गावची म्हातारी त्याच्या अंगातून निघालेला लोखंडाचा गोळा दाखवते आणि सांगते की याने हाडं फोडली, आतडी फाडली. आमच्या आजोबांच्या तोंडी हेच होतं, फक्त देव नव्हता. डुकराचा खांदा म्हणजे जाड कातडं आणि खाली टणक गादी. तिथे ठासणीची गोळी बसली तर तो मरत नाही. झाडीत शिरतो, जखम चिघळते, माशा बसतात, आणि नंतर दिसेल त्याच्यावर येतो. "घायाळ डुकराच्या वाटेक जाव नको" हे पोरांना शिकवावं लागत नसे, ऐकतच मोठी व्हायची.

मियाझाकीने नागोच्या अंगावर वळवळणारे काळे किडे दाखवलेत त्याला लोक शाप म्हणतात. मला तर त्या चिघळलेल्या जखमेवरच्या माशा आठवल्या.

पावसाचं पण सांगतो. एबोशीचा तांडा पावसातून तांदूळ लादलेले बैल घेऊन येतो. ओल्या हवेत उघड्या कानावरची रंजक दोन मिनिटांत दमट होते, मग नुसतंच फुस्स. जळता तोडा पावसात जपणं हे वेगळंच काम. एवढ्या पावसात इतके बार उडाले हे मला लांडगा बोलण्यापेक्षा जास्त नवल वाटलं.

मीनल_के

सुपारीबाग, काय प्रतिसाद आहे! परत बघावा लागणार.

दुर्गवेडा

गोव्याचा धागा कुणीच ओढला नाही अजून, म्हणून मी ओढतो.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं तेव्हा तिथे तोफा-बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते. ते पोर्तुगीजांच्या कामाला लागले, आणि आल्बुकर्कने राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात त्यांच्या कामाची तारीफ केली आहे. युरोपी घाट आणि इथला हात मिळून जी बंदूक तयार झाली ती पोर्तुगीज जहाजांबरोबर पूर्वेकडे मलाक्क्याला आणि पुढे गेली. १५४३ मध्ये तानेगाशिमाला वादळात सापडून लागलेलं जहाज चिनी होतं, त्यावरचे पोर्तुगीज बंदुका बाळगून होते, आणि बेटाचा कोवळा सरदार तोकिताका याने त्यातल्या दोन विकत घेतल्या. त्या बंदुकांची खटक्याची रचना गोवा-मलाक्का भागातल्या बंदुकांच्या जातीची होती असं बरेच अभ्यासक मानतात.

फरक कुठे कळतो, तर चाप ओढल्यावर. आपल्याकडच्या मराठा-मोगल तोडेदार बंदुकीत चाप म्हणजे एक लांब तरफ. जितकी ओढाल तितका तोडा हळूहळू खाली येतो. जपानी बंदुकीत बाहेरच्या अंगाला पितळी कमान असते. चापाला बोट लागलं की तोडा खटकन रंजकीवर पडतो. नेमबाजाला हे फार सोयीचं, कारण बार कोणत्या क्षणी उडणार ते आपल्या हातात राहतं. दस्ताही आखूड, खांद्याला न लावता गालाशी धरायचा. जपान्यांनी ही घडण पुढची तीनशे वर्षं जवळपास तशीच ठेवली.

पण मूळ धाग्याशी याचा संबंध असा की इशिबिया या घराण्यातली नव्हेच. ती चुलत शाखा, आणि वयाने मोठी.

ओसाकाकर

दुर्गवेडा, अगदी. 'तेप्पोकी' नावाच्या १६०६ च्या वृत्तांतात पुढची गंमत आहे. तोकिताकाच्या लोहाराने नळी हुबेहूब घडवली, पण तिचं मागचं टोक बंद करता येईना. तिथे मळसूत्र लागतं आणि जपानी लोहाराला मळसूत्र माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी परत आलेल्या परदेशी जहाजावरच्या लोहाराकडून ते शिकावं लागलं. मग दहा-पंधरा वर्षांत साकाई, कुनितोमो, नेगोरो इथे बंदुकांचे कारखाने उभे राहिले. तलवारीचं पोलाद जगात नावाजलेलं, आणि अडलं कुठे तर आट्यांपाशी.

चित्रपतंग

मग एबोशीच्या माणसांनी मागचं टोक कसं बंद केलं?

तोडेदार

हाततोफेत तो प्रश्न येत नाही. काशाची असेल तर साच्यात ओततानाच मागून बंद. लोखंडाची असेल तर आखूड नळीच्या टोकात तापवलेली गुडदी ठोकून बसवायची. नळी लांब आणि बारीक झाली की आतली काजळी साफ करायला मागून उघडता यावी लागते, तेव्हा मळसूत्र हवं.

भट्टीवाला

धातुकाम हा माझा पेशा, त्यामुळे बंदुकीपेक्षा भट्टीवर लिहितो. चित्रपटातलं गाव म्हणजे तातारा, लोहवाळूपासून लोखंड काढायची जपानी पद्धत. मातीची भट्टी बांधायची, कोळसा आणि काळी वाळू आळीपाळीने वरून टाकत राहायचं, भाता एक क्षण थांबू द्यायचा नाही, आणि तीन-चार दिवसांनी भट्टी फोडून तळातला लोखंडाचा गोळा ओढून काढायचा. दर खेपेला नवी भट्टी. शिमाने भागात सुगाया इथे अशी जुनी इमारत अजून उभी आहे.

चित्रपटात बायका पायाने भाता चालवतात. 'चार दिवस पाच रात्री' हे त्या आशिताकाला (चित्रपटाच्या नायकाला) सांगतात तो हिशोब बरोबर आहे. दोन गोष्टी मात्र बरोबर नाहीत. एक, एवढा मोठा पायभाता एदो काळातला, सतराव्या शतकाच्या शेवटाकडचा. मुरोमाचीत तो नव्हता. दुसरं, भट्टीपाशी बायकांना मज्जाव असे. कानायागो ही भट्टीची देवता स्त्री, आणि तिला दुसरी बाई जवळ आलेली खपत नाही अशी समजूत. मियाझाकीला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याने मुद्दाम उलटवलं, म्हणजे एबोशीने जंगलातल्या देवांआधी स्वतःच्या भट्टीची देवता झुगारली. यावर चित्रपटात एक अक्षर नाही, आणि जपानी प्रेक्षकाला ते सांगावं लागत नसावं.

आता जंगलाचा हिशोब. १९७७ पासून योकोता इथे तलवारीच्या पोलादासाठी परत चालू केलेल्या तातारात एका खेपेला साधारण १० टन लोहवाळू आणि १२ टन कोळसा लागतो आणि अडीच टनांचा गोळा मिळतो. १२ टन कोळसा म्हणजे लाकूड त्याच्या कित्येक पट. एका खेपेला अख्खी टेकडी उघडी.

मीनल_के

म्हणजे बंदुकांसाठी जंगल तोडलं.

भट्टीवाला

मीनलताई, तिथेच गंमत आहे. कागदावर मांडून बघा. एका बंदुकीला चार किलो लोखंड धरू. शंभर बंदुका म्हणजे ४०० किलो. घडताना निम्मं वाया गेलं तरी एका खेपेच्या गोळ्यातून भागून उरतं. मग उरलेल्या खेपा कशासाठी? विकायला. त्या गावात शेती दिसते का कुठे? बैलांच्या पाठीवरून तांदूळ येतोय, तो लोखंड विकून. बंदुका जंगल खात नाहीत. जंगल खाते भट्टी, आणि बंदुका भट्टी राखतात. डुकरांपासून, लांडग्यांपासून आणि गावावर डोळा असलेल्या आसानो सरदाराच्या सामुराईंपासून.

रात्री एबोशी नवी बंदूक तपासते तो प्रसंग बघा. समोरच्या उजाड डोंगरावर वानर झाडं लावायला आलेत. ती एक बार काढते, ते पळतात. कुणाला लागलं की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. झाडं लागली नाहीत म्हणजे काम झालं.

निळूभाऊ

हे पटलं बुवा. कार्टूनवाला प्रतिसाद मागे घेत नाही, पण हे पटलं.

सुपारीबाग

गोळीबद्दल एक शंका. आमच्याकडे शिसंच वापरतात. वितळवायला सोपं, चुलीवर होतं. नागोच्या अंगात लोखंडाचा गोळा का?

तोडेदार

शिसं जड आणि मऊ, म्हणून ते चांगलंच. नळीही खरवडत नाही. पण जपानात शिसं पुरेसं नव्हतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या तिथल्या गोळ्यांची तपासणी झाली तेव्हा त्यातलं बरंच शिसं सयामच्या (आताच्या थायलंडच्या) खाणींमधलं निघालं. एबोशीचं गाव लोखंडाचं. दारात पडलेला माल सोडून ती परदेशी शिसं का घेईल? आखूड, जाड नळीला लोखंडी गोळी चालून जाते. आणि कथेलाही तेच हवं होतं, कारण त्या गोळ्यावरूनच आशिताका माग काढत गावापर्यंत येतो. शिशाचा गोळा दाखवून कुणी लोखंडाच्या गावाचा पत्ता सांगितला नसता.

ओसाकाकर

शिशाहून मोठी अडचण सोऱ्याची. दारूत पाऊण भाग सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. जपानात ज्वालामुखी ढीगभर, त्यामुळे गंधक इतकं की चीनला निर्यात व्हायचं. कोळसा तर एबोशीकडे डोंगराएवढा. सोरा मात्र नैसर्गिक साठ्यात नाही. पुढे गोकायामा आणि शिराकावा भागातले लोक घराखालच्या मातीत गवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवून तो बनवायला लागले, पण ते नंतरचं. त्याआधी तो बाहेरून, मुख्यतः चीनकडून यायचा. मग सगळ्या बाजूंनी वेढलेल्या एबोशीला तो कोण देत होतं?

चित्रपतंग

जिकोबो!!

ओसाकाकर

माझाही तोच कयास. चित्रपट स्पष्ट सांगत नाही, पण साधूच्या वेशातला हा जिकोबो तिला आठवण करून देतो की त्याच्या वरच्या मंडळींनी बंदूकधारी माणसं दिली ती लोखंड गाळण्यासाठी नव्हे. ज्यांच्याकडे माणसं, ज्यांच्याकडे सम्राटाचं पत्र, त्यांच्याकडेच मिंग व्यापाराची वाटही असणार. लोखंड ती स्वतः काढते, नळ्या स्वतः घडवते, बायकांना चालवायला शिकवते. हात अडतो तो सोऱ्यापाशी. म्हणून जंगलाशी तिचं वैर कितीही असलं तरी शिशिगामीचं मुंडकं हा तिचा स्वतःचा हट्ट वाटत नाही, ती उधारी फेडतेय.

मीनल_के

मग शेवटी ती जंगलात गेल्यावर मागे बायका आसानोच्या सैन्याशी लढतात, तेव्हा त्यांच्याकडे दारू किती उरली असेल?

तोडेदार

फार नसणार. म्हणून ते दृश्य मला एबोशीच्या नेमापेक्षा जास्त खरं वाटतं. कुंपणाआडून, खाली दाटीने आलेल्या लोकांवर, थोड्या अंतरावरून. नेमाची गरज नाही, भरायला आडोसा आहे आणि नळी कुंपणावर टेकवता येते. एबोशीने हलकी बंदूक मागितली होती ती याचसाठी.